सव्वा महिन्यानंतर आणि धावण्याआधी

बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस कसे काढायचे, हे आपल्याकडच्या घरांत वडीलधाऱ्या बायकांना तोंडपाठ असते. डिंकाचे लाडू कधीपासून द्यायचे, अळिवाची खीर सकाळी की रात्री, धुरीच्या शेगडीत ओवा किती आणि वावडिंग किती, कान बांधायचे की नुसता कापूस घालायचा, या सगळ्यावर मतभेद असतील, पण प्रत्येकीकडे उत्तर असते. सव्वा महिना उलटला, बाळाला देवळात नेऊन आणले, की मात्र ही सगळी तज्ज्ञमंडळी एकदम गप्प होतात. बाळंतीण आता मोकळी झाली असे धरले जाते आणि तिच्या शरीराविषयी घरादाराला एकच प्रश्न उरतो: पोट कधी आत जाणार? पूर्ण विश्रांती संपली आहे, पण जुना व्यायाम झेपण्यासारखा नाही, असा जो मधला काळ असतो, तो आपल्या परंपरेत जवळजवळ कोराच आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते, तो दवाखान्याच्या कागदावरही कोराच असतो.

माझे माहेर साताऱ्याचे. लग्नाआधीपासून यवतेश्वरचा घाट धावत चढण्याची सवय होती आणि कासच्या रस्त्यावर होणाऱ्या अर्ध-मॅरेथॉनमध्येही मी धावले होते. त्यामुळे बाळंतपणासाठी माहेरी आले तेव्हा पुन्हा धावायला लागायचे, यात मला शंका नव्हती. प्रश्न फक्त केव्हा आणि कुठून सुरुवात करायची एवढाच होता. प्रसूती सिझरने झाली, म्हणून या लिखाणात टाक्यांचा उल्लेख अधिक येईल, परंतु नैसर्गिक प्रसूती झालेल्या बाईलाही यातले बहुतेक सारे लागू आहे.

परंपरेला नावे ठेवणे हा माझा हेतू नाही. आयुर्वेदात सूतिकाकाळ साधारण दीड महिन्याचा मानला आहे, आपला सव्वा महिना त्याच्या जवळच येतो, आणि आजचे डॉक्टरही पहिली मोठी तपासणी सहा आठवड्यांनीच ठेवतात, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. प्रसूतीनंतर लगेच साधारण एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय याच मुदतीत शंभर ग्रॅमच्याही खाली येते, अंगावरून जाणे थांबते आणि वरवरचे टाके भरून येतात. तेवढे दिवस बाईला स्वयंपाकघरापासून दूर ठेवणाऱ्या रिवाजामागे शहाणपण आहे. मात्र त्या रिवाजातला एक भाग मला पटला नाही, आणि तो म्हणजे सारा दिवस आडवे पडून राहणे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पायाच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणूनच सिझर झालेल्या बाईला रुग्णालयात एका दिवसाच्या आत उठवून चालवतात. घरी आल्यावर मात्र तिला पुन्हा खाटेवर बसवले जाते. एका पोटरीला सूज, दुखणे किंवा अचानक लागलेली धाप ही अशक्तपणाची नव्हे, तर तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत, हे मालिश करणाऱ्या मावशींपासून आजीपर्यंत सर्वांनाच ठाऊक असायला हवे.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी वयाने माझ्या आईपेक्षा मोठ्या होत्या आणि तेलाने निथळणाऱ्या हातांनी त्या जे बोलत, ते अंतिम असे. मालिश झाली की जुन्या सुती लुगड्याची पट्टी काढून त्या माझे पोट करकचून बांधायच्या आणि म्हणायच्या, "घट्ट बांधून घे पोरी, नाहीतर पोटात वारा शिरतो, मग जन्मभर पोट असंच राहतं." पोटपट्ट्याने सिझरनंतर उठता-बसताना आधार मिळतो आणि दुखणेही कमी जाणवते, यात शंका नाही. पण बांधल्याने स्नायू स्वतः बळकट होत नाहीत, आणि पट्टी फार आवळली तर पोटातला दाब खाली ओटीपोटावर जातो, जिथे तो त्या दिवसांत मुळीच नको असतो. मी मावशींना पट्टी दोन बोटे सैल ठेवायला सांगितली. त्यांनी ठेवली, परंतु "आजकालच्या पोरी" या विषयावर आईशी पुष्कळ बोलूनही घेतले.

सहा आठवड्यांनी मी तपासणीला गेले. टाके पाहून झाले, तांबी बसवायची का हे विचारून झाले, बाळाचे वजन झाले, आणि "आता सगळं सुरू करायला हरकत नाही" असे सांगून मला निरोप मिळाला. या "सगळं"मध्ये धुणेभांडीही आले आणि घाटही आला! सिझरमध्ये पोटाचे स्नायू कापतात असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात ते बहुधा बाजूला सारले जातात, पण त्यांच्यावरचे चिवट आवरण मात्र कापावे लागते, आणि सहा आठवड्यांनी त्या आवरणाची मूळ ताकद निम्म्याच्या आसपासच परतलेली असते. ती बऱ्याच अंशी भरून यायला सहा-सात महिने लागतात. कातडीवरचा टाका सुकला म्हणजे आतले काम संपले असे नव्हे, ही गोष्ट मला तपासणीच्या टेबलावर कळायला हवी होती. ती कळली नंतर, स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून, ज्यांच्याकडे मी एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे गेले.

त्यांनी मला उताणे झोपवून गुडघे वाकवायला सांगितले, माझीच बोटे माझ्या बेंबीच्या किंचित वर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "आता फक्त डोकं उचला, खांदे नकोत." डोके उचलताच बोटे आत गेली. दोन बाजूंना स्नायूंचे दोन कडक काठ लागत होते आणि मध्ये काहीच नव्हते, म्हणजे निदान मला तरी तसे वाटले. छातीपासून ओटीपोटापर्यंत जाणाऱ्या दोन उभ्या स्नायूंमध्ये एक तंतुमय पट्टी असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती ताणून रुंद होते, आणि हे जवळजवळ सर्वच बायकांमध्ये होते. प्रसूतीनंतर ती आपोआप आवळत जाते, पहिल्या दोनेक महिन्यांत सर्वांत वेगाने. पण काहींच्या बाबतीत दोन बोटांहून अधिक अंतर तसेच राहते. बाईंच्या सांगण्यानुसार अंतर किती बोटांचे आहे यापेक्षा जोर लावल्यावर तो भाग बोटाखाली ताठ होतो की लिबलिबीत राहतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. डोके उचलताना पोटाच्या मध्यरेषेवर लांबट उंचवटा येत असेल, तर तो व्यायाम त्या घडीला आपल्यासाठी नाही, ही खूण त्यांनी मला दिली आणि ती आजवर सर्वांत उपयोगी पडली आहे.

दुसरा विषय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे तोलून धरणारे हे स्नायू नऊ महिने वाढते ओझे सोसतात, म्हणून सिझर झालेली बाईही त्यातून सुटत नाही. शिंकताना, खोकताना, जिना उतरताना लघवीचे थेंब जाणे हा त्यांच्या अशक्तपणाचा सर्वांत सामान्य परिणाम आहे, आणि "बाळंतपणानंतर व्हायचंच" म्हणून तो बायका वर्षानुवर्षे लपवतात. या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली वैद्यकीय जगासमोर मांडला. आपल्याकडच्या योगाभ्यासकांना मूलबंध माहीत असतो, आणि आकुंचनाची जागा बऱ्याच अंशी तीच आहे. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरल्यासारखे आत आणि वर ओढायचे, श्वास न कोंडता काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सोडायचे. एका वेळी निदान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, आणि हा क्रम सलग तीन महिने. सोडण्याचा भाग धरण्याइतकाच महत्त्वाचा, आणि सराव लघवी करताना करायचा नाही.

हे मी घरी शिकत असताना सासूबाई बाळाला भेटायला आल्या होत्या. काय चालले आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मी तर तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून शिंक आली की पाय आवळून उभी राहते. हे बरं होतं होय?" या वयातही होते, निदान पुष्कळ कमी होते, असे फिजिओ बाईंनी सांगितल्यावर त्यांनीही व्यायाम सुरू केला, आणि माझ्यापेक्षा अधिक नेमाने.

या मधल्या काळातले माझे व्यायाम पाहून कोणालाही हसू आले असते. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या, सोडताना तळाचे स्नायू आणि खालचे पोट हलकेच आत घ्यायचे. मग तेच गुडघे वाकवून, तेच कंबर उचलून, तेच कुशीवर. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचे. खरा व्यायाम मात्र चटईबाहेर होता. बाळाला पाळण्यातून काढताना, ओल्या कपड्यांची बादली उचलताना, पिशवी घेऊन जिना चढताना, आधी श्वास सोडायला सुरुवात करायची आणि त्या सोडत्या श्वासावर वजन उचलायचे. दिवसभरात बाळ किती वेळा उचलले जाते याचा विचार केला, तर निराळे वजन हाताळायची गरजच नव्हती. उलट मनगटांवरच ताण आला. अंगठा फाकवून बाळाला काखेत धरून उचलल्याने अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते, ही नव्या आयांची ठरलेली तक्रार आहे; तळहात बाळाच्या पाठीखाली आणि कुल्ल्याखाली सरकवून उचलले की ती कमी होते.

सूर्यनमस्कारांवर घरात वाद झाला, आणि साताऱ्यात तो होणे साहजिकच होते. औंध संस्थान याच जिल्ह्यातले. तिथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा व्यायाम घरोघरी पोहोचवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, आणि आमच्या घरातही आजोबांपासून तो चालत आला आहे. "नमस्कार घाल, सगळं जागेवर येईल," असे वडिलांचे ठाम मत. नमस्कार उत्तमच आहेत, पण त्यात शरीर फळीसारखे ताठ धरण्याची जी स्थिती येते आणि त्यानंतर जे भुजंगासन येते, ती मधली पट्टी सैल असताना पोटावर नेमका नको तिथे ताण देतात. ओट्यावर हात टेकून तिरक्या अंगाने, मग पलंगाच्या कडेवर, आणि उंचवटा येईनासा झाल्यावर जमिनीवर, असा उतरता क्रम मी ठेवला. जिममध्ये करतात ते पोटाचे क्रंचेस तर मी पुढे ढकलले ते ढकललेच, आणि त्यावाचून काही अडले नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण आहे, म्हणून या काळात जेवण तोडून पोट कमी करण्याचा विचार मी बाजूला ठेवला. व्यायामाने दूध आटते किंवा आंबते ही भीती निराधार आहे. बेताच्या व्यायामाने दुधाचे प्रमाणही घटत नाही आणि बाळाची वाढही खुंटत नाही. पाजून मग निघावे, एवढे मात्र सोयीसाठी खरे. व्यायामाला लागण्याआधी हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासून घ्यावे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के बायकांमध्ये रक्ताल्पता आढळली होती. तेव्हा चार पावलांत लागणारी धाप ही दर वेळी सवय मोडल्याचीच नसते. प्रसूतीनंतर 180 दिवस रोज लोहाची गोळी घ्यावी असा सरकारी कार्यक्रमच आहे, पण पुष्कळजणी पाकीट अर्धवट सोडतात.

धावण्याच्या बाबतीत ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी 2019 साली काढलेली मार्गदर्शिका बाईंनी मला समजावून सांगितली. तीन महिन्यांआधी धावू नये, आणि तीन महिने झाले म्हणून लगेच धावत सुटू नये, असे तिचे सार आहे. अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी मिनिटभर धावणे, प्रत्येक पायावर दहा लंगडी उड्या, हे सारे दुखल्याशिवाय, थेंब न जाता आणि योनीत जडपणा किंवा काही खाली सरकल्यासारखे न वाटता जमले पाहिजे. माझे बाकी सगळे जमले, लंगडी मात्र बरेच दिवस अडली. लहानपणी अंगणात तासन्‌तास घातलेली लंगडी आता परीक्षेचा पेपर होऊन बसेल, हे कोणाला वाटले होते!

जागतिक आरोग्य संघटना प्रसूत स्त्रियांसाठीही आठवड्याला 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. आकडा मोठा नाही. मोठी अडचण आहे ती त्या वेळात बाळ कोणाकडे, ही. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत काम करणाऱ्यांना. शेतावर किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला ती कुठली? मला स्वतःला रजा होती, माहेर होते, आणि सकाळी अर्धा तास बाळाला घेऊन फेऱ्या मारणारा नवरा होता. पुण्याला परत गेल्यावर ती वेळ टिकवण्यासाठी आम्हांला भांडणेही करावी लागली, कारण आईचा व्यायाम ही चैन आणि वडिलांचा तो नियम, असे घरातले गणित न बोलता ठरलेले असते.

सध्या मी सपाट रस्त्यावर मिनिटभर धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आळीपाळीने करते. दुसऱ्या दिवशी काही त्रास झाला नाही, तरच पुढच्या आठवड्यात धावण्याचा भाग थोडा वाढवते. जडपणा वाटला, तर मुकाट्याने आधीच्या पायरीवर परत. चढ अजून फक्त चालत, आणि उतार तर त्याहूनही सावकाश, कारण उतारावर प्रत्येक पावलाचा आदळ थेट तळाच्या स्नायूंवर येतो. दिवाळीला साताऱ्याला जाऊ तेव्हा यवतेश्वराच्या देवळापर्यंत चालत चढायचे आणि परत येताना एसटीने उतरायचे, असे बाईंनी आणि मी मिळून ठरवले आहे.