बाटलीचा गुण

बॉस्टनला राहणारा माझा भाचा परत निघाला, त्या दुपारी त्याच्या बॅगेचे वजन करण्याचे काम माझ्याकडे आले. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांनी २३ किलोंची मर्यादा जवळजवळ गाठलेली होती, आणि तरीही बहिणीने पायमोज्यात गुंडाळलेली, बोटभर उंचीची एक बाटली माझ्या हाती दिली. तिच्यावरच्या चिठ्ठीत पोटदुखी, डोकेदुखी, दातदुखी, सर्दी, मळमळ आणि विंचूदंश एवढ्या सगळ्यांवर उतारा असल्याचे छापलेले होते. बॉस्टनमध्ये विंचू किती निघतात, हे मी विचारले नाही. अशा बाटलीविषयी शंका काढण्याची आमच्या घरात रीत नाही.

ही रीत आजीपासूनची. आजी काष्ठौषधीच्या दुकानातून ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर अशा तीन पुड्या आणवीत असे आणि तिन्ही समभाग घेऊन एका बाटलीत टाकीत असे. पाणी नाही, चूल नाही. तीन कोरड्या वस्तू केवळ एकमेकींच्या सहवासाने पाघळून त्यांचे तेल होत असे, आणि ते होताना पाहण्यासाठी मी दुपारची झोप मोडून तिच्या शेजारी बसत असे. हे तेल ज्या बाटलीत जाई, ती मात्र विकतच्या औषधाची असे, लेबल झिजलेली, पण लेबल असलेली. एकदा ती बाटली सापडेना, म्हणून आजीने अत्तराच्या कुपीत ते भरले, तर आजोबांनी दोन दिवस ‘गुण येत नाही’ अशी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी जुनी बाटली माळ्यावर सापडली, तोच अर्क तिच्यात ओतला गेला आणि आजोबांचे पोट तासाभरात ताळ्यावर आले.

भाच्याच्या या बॉस्टनचा आणि असल्या बाटल्यांचा संबंध फार जुना आहे. ते शहर इंग्रजांची वसाहत असताना, १७०८ साली, ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ या पत्रात निकोलस बून नावाच्या पुस्तकविक्रेत्याने ‘डॅफीज एलिक्सिर’ची जाहिरात दिली होती: अर्ध्या पाइंटच्या बाटलीला साडेचार शिलिंग. औषध पुस्तकांच्या दुकानात मिळावे, यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटत नसे. या सर्वरोगहर अमृतात मुख्य वस्तू म्हणजे मद्यात मुरवलेली सोनामुखी; म्हणजे मुळात तो एक जुलाबच. पण ज्या वसाहतकऱ्याच्या घरापासून वैद्य कित्येक कोसांवर होता, आणि जो वैद्य आला तरी शीर तोडून रक्त काढण्याची किंवा पाऱ्याची पूड चाटवण्याची शक्यता होती, त्याने सातासमुद्रांपलीकडून आलेल्या बाटलीवर विश्वास ठेवला, तर त्याला भोळा म्हणण्यास मी तयार नाही. सोनामुखीने निदान पोट तरी साफ होत असे.

याच जातीतले रॉबर्ट टर्लिंग्टन या लंडनच्या व्यापाऱ्याचे ‘बाल्सम ऑफ लाइफ’. त्याला १७४४ साली राजाकडून पेटंट मिळाले होते, आणि ही गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण पेटंट औषध म्हणून खपणाऱ्या बहुतेक बाटल्यांना प्रत्यक्षात पेटंट नव्हतेच. (मराठीत आपण हमखास ठरलेल्या विनोदाला ‘पेटंट विनोद’ म्हणतो, ते या मानाने अधिक प्रामाणिक आहे.) टर्लिंग्टनच्या नुसख्यात २७ द्रव्ये होती. पुढे त्याचे नाव ज्या अर्काला चिकटून राहिले, तो म्हणजे आपण सर्दीत वाफाऱ्यासाठी घेत आलो ते टिंक्चर बेंझॉइन. त्यात ऊद असतो आणि काळाबोळही असतो. आपल्याकडे ज्या उदाची धुरी बाळंतिणीच्या खोलीत फिरते, तोच ऊद मद्यात विरघळून राजमुद्रेनिशी अटलांटिक ओलांडत होता, या विचाराने मला उगीचच बरे वाटते.

टर्लिंग्टनला खरा त्रास होता तो रिकाम्या बाटल्यांचा. लोक त्याच्या बाटल्या जमवून त्यांत भलताच अर्क भरून विकतात, अशी त्याची तक्रार होती, आणि म्हणून १७५४ साली त्याने कमरेत आवळलेली, अंगावर अक्षरे उठवलेली अशी खास बाटली काढली. परिणाम उलटाच झाला. आता बाटली दुरूनही ओळखू येऊ लागली, म्हणजे नक्कल करणाऱ्याला नेमकी कशाची नक्कल करायची, हेही कळले. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात विलायती माल थांबला, आणि १७७६ च्या जुलैत, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून आठवडा होतो न होतो तोच, फिलाडेल्फियाचा एक चिनीमातीचा व काचेचा व्यापारी ‘डॅफीज एलिक्सिर’च्या बाटल्यांची जाहिरात करीत होता. औषधाची नव्हे, बाटल्यांची! राजाला झुगारून देणाऱ्यांना राजाच्या देशातली बाटली मात्र झुगारता आली नाही. आत काय भरायचे, ते ज्याचे त्याने पाहून घेतले.

हे पाहून घेणे किती स्वैर होते, ते १८२४ साली उघड झाले. फिलाडेल्फियाच्या औषधनिर्मात्यांच्या कॉलेजने अशा आठ जुन्या विलायती औषधांच्या कृती एकत्र छापल्या, कारण एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या बाटल्यांत ज्याच्या त्याच्या कृतीचे अर्क भरले जात होते. ‘बेटमन्स ड्रॉप्स’च्या निरनिराळ्या कृतींत अफूचे प्रमाण दहापटीहूनही अधिक कमीजास्त होते. त्या आठांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ही होते: काकवी, ससाफ्रासची साल आणि अफू. ते रडणाऱ्या तान्ह्या मुलांना देत. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पाळीवर जाण्यापूर्वी लेकराला बाळागोळी चाटवीत, तिच्यातही अफूच असे. आई कामावरून परत येईपर्यंत मूल निजून राही, आणि कधी कधी ते उठतच नसे. येथे बाटलीच्या आकाराची गंमत मला पुढे चालवता येत नाही.

भाच्याची बॅग काट्यावर चढवण्यापूर्वी, सांडायला नको म्हणून, मी त्या बोटभर बाटलीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहिले. सील आधीच तुटलेले होते आणि लेबल जरा झिजलेले होते. मी बहिणीकडे पाहिले. ती काट्याकडे पाहत होती. वजन किती झाले, असे तिने विचारले. शंभर ग्रॅम जास्त भरत होते. मी मेतकुटाची एक पुडी बाहेर काढली.