पेडणे नसलेले गोवे : काल्पनिक सैन्याची चौथी नोंद

१७८७ मध्ये पोर्तुगीजांपासून स्वतंत्र झालेल्या काल्पनिक गोवे प्रजासत्ताकाच्या सैन्याचा मागच्या नोंदीत मांडलेला आराखडा या पावसाळ्यात जवळजवळ पूर्णपणे मोडीत निघाला. १२,००० शिपायांची फौज २,४०० वर आली, आरमारातील तिन्ही मोठी जहाजे काढून टाकावी लागली आणि देशाच्या नकाशातून उत्तरेचा पेडणे हा अख्खा तालुका गळाला. हे सारे कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण काल्पनिक सैन्ये उभारणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून या चुका होत असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

प्रथम विचलनबिंदूची, म्हणजे माझा इतिहास खऱ्या इतिहासापासून जिथे फुटतो त्या जागेची, उजळणी करतो. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो कुटुंबाच्या आश्रयाने काही गोमंतकीय पाद्री आणि सैन्यातील एतद्देशीय अधिकारी यांनी पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट रचला होता. १७६१ च्या राजाज्ञेने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क कागदोपत्री मिळाले होते, परंतु बढतीची वेळ आली की जागा लिस्बनहून आलेल्या माणसाकडे जात असे, हे या मंडळींचे मूळ दुखणे होते. प्रत्यक्षात ऑगस्ट महिन्यात कट फुटला, ४७ जणांना पकडण्यात आले आणि पुढच्या वर्षी १५ जणांना देहदंड झाला. माझ्या इतिहासात कट फुटत नाही. पणजीचा आदिलशाही वाडा, जिथे १७५९ पासून व्हाइसरॉय राहत असे, एका पावसाळी रात्री कटवाल्यांच्या ताब्यात येतो आणि प्रजासत्ताक जाहीर होते.

आता नकाशाविषयी. मी देशाची उत्तर सीमा तेरेखोल नदीपर्यंत ओढून मोकळा झालो होतो, कारण लहानपणापासून भिंतीवर पाहिलेल्या गोव्याच्या नकाशाची उत्तर सीमा तीच आहे. तिसरी नोंद वाचून सावंतवाडीच्या एका स्नेह्यांनी मला एकाच ओळीचे पत्र पाठवले : “पेडणे आपल्याला कोणी दिले?” प्रश्न रास्त होता. फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण हा मुलूख १७६३ च्या सुमारास, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये, तर पेडणे सावंतवाडीकडून १७८८ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आले. म्हणजे माझे बंड यशस्वी होते त्या दिवशी पेडणे महाल अजून रीतसर हाती आलेलाच नाही, आणि नुकत्याच जन्मलेल्या प्रजासत्ताकाला तो कोणी आपणहून देईल अशी शक्यताही नाही. सीमा शापोरा नदीवर आली. गंमत अशी की या चुकीने शापोऱ्याच्या किल्ल्याचे भले झाले. पेडणे आल्यानंतर ज्याचे सीमेवरचे काम संपले आणि जो १८९२ मध्ये सोडून देण्यात आला, तो किल्ला माझ्या नव्या नकाशात पुन्हा सीमेवरचा पहिला पहारेकरी झाला आहे. तिथे मी आता तोफखान्याची संपूर्ण एक तुकडी ठेवली आहे आणि तिच्या तोफांची तोंडे समुद्राकडून वळवून नदीपलीकडे केली आहेत.

पुढचा प्रश्न वेळेचा होता, कारण सैन्य उभारायला किती अवधी आहे हे ठरल्याशिवाय त्याचा आकार ठरत नाही. येथे पाऊस कटवाल्यांच्या बाजूने उभा राहतो. जून ते सप्टेंबर मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र यांमुळे जहाजांना आत येणे दुरापास्त असते, तेव्हा ऑगस्टमधील बंडाची वार्ता समुद्रमार्गे लगेच बाहेर पडत नाही. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत गोवे सोडत आणि उन्हाळ्यात लिस्बनला पोहोचत. लिस्बनहून निघणारा ताफा मार्चच्या आसपास सुटून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यास लागत असे. हे गणित मांडले तर वार्ता १७८८ च्या उन्हाळ्यात पोहोचते, त्या वर्षीचा मार्च केव्हाच उलटलेला असतो आणि दंड देणारा ताफा लवकरात लवकर १७८९ च्या सप्टेंबरात मांडवीच्या मुखावरील आग्वाद किल्ल्यासमोर उभा राहतो. एका मित्रांनी खुष्कीने बसऱ्यामार्गे जाणाऱ्या डाकेकडे लक्ष वेधले, ते मला मान्य आहे. त्या वाटेने वार्ता अगदी वेळेत पोहोचली तर ताफा एक वर्ष आधी निघू शकेल. तरीही जहाजे, माणसे आणि पैसा जमवायला लागणारा काळ धरून मी दोन वर्षांचा अवधी कायम ठेवला आहे.

दोन वर्षांत १२,००० शिपाई तयार करता येतील का, या प्रश्नात मी बराच काळ अडकून पडलो होतो, पण खरा अडथळा निघाला तो कवायतीचा नव्हे, जेवणाचा. एका रविवारी स्वयंपाकघरातील वजनकाटा घेऊन सकाळची पेज आणि दोन वेळचा भात यासाठी राबत्या माणसाला किती उकडे तांदूळ लागतील ते मोजले. ते सुमारे ६०० ग्रॅम भरले. १२,००० माणसांना रोज ७,२०० किलो, आणि पावसाचे चार महिने म्हणजे १२० दिवस धरले तर ८६४ टन. हा साठा जूनच्या आधी कोठारात पडलेला हवा, कारण नंतर घाटही बंद आणि समुद्रही बंद. गोव्यात पिकणारे भात गोव्यालाच पुरत नसे. तांदूळ कानडा किनाऱ्यावरून गलबतांनी आणि घाटावरून बैलांच्या तांड्यांनी येत असे. सत्तर टनांचे गलबत काठोकाठ भरले असे धरले तरी माझ्या जुन्या फौजेला बारांहून अधिक खेपा लागत होत्या. २,४०० माणसांना त्याच हिशोबाने १७३ टन, म्हणजे तीन गलबते लागतात. तीन गलबते मिळवणे शक्य आहे. बारा मिळवता येणे शक्य असते, तर मग फौजेची गरजच पडली नसती.

याच हिशोबाने परराष्ट्र धोरणही ठरवून टाकले. १७८७ मध्ये कानडा किनारा टिपू सुलतानाच्या अमलाखाली होता आणि कटवाल्यांनी टिपूची मदत मागण्याचे घाटले होते, हे आपण जाणतोच. मी आजवर त्या मदतीत तोफा आणि फ्रेंच कवायतशिक्षक शोधत होतो. आता वाटते की टिपूकडून मागायची पहिली वस्तू तांदूळ हीच असली पाहिजे. अर्थात त्याची किंमतही आहे, कारण १७९० मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम यांची टिपूशी लढाई जुंपते तेव्हा ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या बाजूला प्रजासत्ताक उभे असल्याचे सगळ्यांनाच दिसणार आहे.

एका कल्पनेचा मला विशेष अभिमान होता आणि तीच सोडावी लागली, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. गोव्याच्या नद्यांकाठी खाजन शेती आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून जमीन काढलेली असते आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप होणाऱ्या मानशीतून, म्हणजे बांधातील दारातून, पाण्याची ये-जा राखली जाते. शत्रू तिसवाडीत उतरलाच तर मानशी उघडून सगळी खाजने भरतीच्या पाण्याखाली घालायची आणि त्याला अरुंद बांधांवरून रांगेने चालायला लावायचे, अशी माझी योजना होती. भरती-ओहोटीचे महत्त्व या भूमीत जुनेच आहे : २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजीराजांच्या माणसांनी ओहोटी साधून जुवे बेटाचा किल्ला घेतला होता. मी भरतीची कोष्टके काढली, दिवाडी आणि चोडणच्या बांधांचे आराखडे केले आणि प्रत्येक मानशीवर आठ माणसांचा पहारा नेमला.

मग जुलैत चोडणच्या फेरीबोटीतून जाताना शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी सहज विचारले की बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले तर काय होते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू त्यांचाच बांध फोडायला मी निघालो आहे. “मीठ मुरले की बाबा, चार-पाच पावसाळे गेले तरी पीक धड येत नाही,” एवढेच ते म्हणाले आणि पाण्याकडे पाहत राहिले. नेमके किती पावसाळे हे शेतागणिक बदलत असणार, परंतु ज्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागतो त्याने स्वतःच्या शेतात स्वतःच्या हाताने मीठ घालावे, हे संरक्षण नव्हे. शिवाय ते बांध गावकरीच्या, म्हणजे गावच्या जमिनी सांभाळणाऱ्या मंडळाच्या, सामायिक मालकीचे. गावकऱ्यांचा वार्षिक वाटा त्याच भातातून निघतो. पहाऱ्यावर त्यांचेच मुलगे बसवले तर शत्रू दिसूनही मानशी उघडली जाणार नाही. म्हणून पहारा तोच ठेवून काम उलट केले आहे : गावकरीची माणसे आता बांध फोडण्यासाठी नव्हे, तर तो शत्रूने फोडू नये म्हणून राखतात. त्यांना पगार नाही आणि मुख्य आकड्यातही मी त्यांना धरलेले नाही.

आरमाराचे थोडक्यात सांगतो. मोठ्या जहाजांना सागवान हवे आणि पोर्तुगीजांचे उत्तम सागवान दमणच्या मागच्या नगर हवेलीतून येत असे. लाकडी शिडाची त्यांची अखेरची फ्रिगेट १८४३ मध्ये दमणलाच बांधली गेली. माझ्या इतिहासात दमण पोर्तुगीजांकडेच राहते, त्यामुळे तिन्ही फ्रिगेटी गेल्या. त्यांच्या जागी दोन गुराबा (मराठी आरमारातील मोठी लढाऊ जहाजे) आणि अकरा गलबते आहेत. विजयदुर्गाच्या आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये अशाच जहाजांनी इंग्रजांच्या रेंजर जहाजाशी सामना दिला होता, तेव्हा ही निवड केवळ नाइलाजाची आहे असे कोणी समजू नये. पावसाळ्यात मांडवीतील गलबते कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत नेता येतात, कारण मुरगावचे बंदर त्या काळातही अधिक सुरक्षित असते. हा एक कालवा म्हणजे आरमाराची निम्मी ताकद आहे, असे माझे मत झाले आहे.

आता माणसे. २,४०० चा हिशोब असा : सहाशेच्या दोन पलटणी, ३०० गोलंदाज, आरमारावर ४०० आणि सत्तरीचे ५०० बंदूकधारी. शेवटच्या आकड्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. कटवाले बार्देश-तिसवाडीचे ख्रिस्ती सुशिक्षित. सत्तरी मात्र जेमतेम पाच-सहा वर्षांपूर्वी पोर्तुगीजांकडे आलेली, राणे घराण्याच्या वजनाखालची आणि चोर्ला घाटाच्या वाटा राखणारी. पणजीत बसलेला पाद्री असो वा व्हाइसरॉय, राण्यांच्या दृष्टीने तो परकाच. खऱ्या इतिहासात १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन सरकारला तीन वर्षे झुंजवले, आणि १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देऊन उठलेल्या शिपायांना पुन्हा राण्यांचीच साथ मिळाली. या दोन्ही घटना माझ्या काळाच्या पुढच्या असल्या तरी माणसांचा स्वभाव त्यांतून कळतो. म्हणून सनदेत दोन कलमे घातली आहेत : कोणत्याही शिपायाला समुद्रापार पाठवले जाणार नाही, आणि सत्तरीच्या तुकड्यांचा सरदार पणजीहून नेमला जाणार नाही. दुसऱ्या कलमामुळे आदेशांची साखळी कमकुवत होते हे मला दिसते आहे. पण ते कलम नसेल तर सत्तरीच्या त्या ५०० बंदुका कोणाच्या बाजूने उडतील, याची मला खात्री नाही.

हुकूम कोणत्या भाषेत द्यायचे यावर गोव्यात कोणाशीही वाद घालण्याची माझी इच्छा नाही. तोंडी हुकूम कोकणीत, जुन्या काबिजादीतील (आधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या मुलखातील) पलटणींचे दफ्तर पोर्तुगीजमध्ये आणि नव्या काबिजादीतील (अठराव्या शतकात मिळालेल्या मुलखातील) तुकड्यांचे मोडी मराठीत, असे ठरवले आहे. त्यामुळे पगारपत्रक दोन लिप्यांत निघते आणि दोन्ही कारकून एकमेकांच्या बेरजा चुकीच्या ठरवतात, हा तपशील मला फार आवडतो.

गणवेशाच्या बाबतीत प्रगती उलट्या दिशेने झाली. या सैन्याच्या २८ मिलिमीटर उंचीच्या वीस छोट्या बाहुल्या-शिपायांना लाल डगले रंगवून झाल्यावर ध्यानात आले की दुरून ते कंपनी सरकारचेच शिपाई दिसतात. ते निळीत बदलले, आणि घाईने ऐन श्रावणात मॅट वार्निशचा फवारा मारला. हवा इतकी दमट होती की सकाळी सगळी पलटण पांढुरकी, जणू भुरी पडलेली. सहा शिपाई चकचकीत वार्निशचा हात देऊन वाचवले, बाकीचे खरवडून पुन्हा अस्तराच्या रंगापासून सुरू करावे लागतील. सत्तरीच्या तुकडीला डगलाच दिलेला नाही : कमरेला पंचा, खांद्यावर कांबळे, हाती तोड्याची बंदूक. पावसात बंदुकीचा बत्ती देण्याचा काना भिजतो, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला कोयता रंगवला आहे.

पुढच्या नोंदीत १७९९ चा प्रश्न घ्यायचा आहे. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याच वर्षी इंग्रजांनी गोव्यात आपले सैन्य उतरवले आणि ते १८१३ पर्यंत तिथेच राहिले. तेव्हा पोर्तुगाल त्यांचा मित्र होता, माझे प्रजासत्ताक मात्र टिपूचे तांदूळ खाल्लेले असेल. आग्वादवर ७९ तोफा आणि गोड्या पाण्याचे प्रचंड टाके आहे, त्यामुळे वेढा किती दिवस टिकेल ते पाण्यावरून मोजता येईल. कोठारातील तांदळाचा हिशोब मी अजून त्या बाजूने केलेला नाही. तोवर दसरा होईल, हवा कोरडी होईल आणि उरलेल्या चौदा शिपायांवर वार्निश चढेल.