तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शन असताना परत वर्गावर का गेले

लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, हयातीच्या दाखल्याला बँकेत गेले तर तिथं रांगेतले लोक विचारतात. पेन्शन चालू आहे ना मॅडम, मग परत महिना वीस हजारांच्या मानधनावर शाळेत शिकवायला कशाला गेलात? डीएड करून बसलेल्या पोरांच्या जागा तुम्ही रिटायर लोकांनी अडवल्या ना? काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं, काहींना नुसतं सुनवायचं असतं, आणि उभ्याउभ्या दोन वाक्यांत सांगायला गेलं की माझं उत्तर कायम सारवासारव केल्यासारखं वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहिते.

पैशाचं आधी. पैसे नको होते असं मी म्हणणार नाही. मुलाच्या घराचा हप्ता आहे, त्याला हातभार लागला. पण दर महिन्याच्या एक तारखेला वीस हजार खात्यात पडत होते असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, दिवाळी झाली तरी पहिलं मानधन आलेलं नव्हतं. पैशासाठीच जायचं असतं तर गावात शिकवण्या घेतल्या असत्या, त्यात जास्त मिळाले असते आणि कुणी टोमणेही मारले नसते.

मी गेले ते चौथीच्या वर्गासाठी. माझ्या शेवटच्या शाळेतून आंतरजिल्हा बदलीत एक शिक्षक गेले, बदली माणूस आला नाही, राहिलेले एकटे सर चार वर्ग सांभाळत होते. वर ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, आधारचं काम, केंद्रावरच्या मीटिंगा, म्हणजे सर मीटिंगला गेले की शाळेत शिक्षकच नाही. आणि २०२३ ची चौथी म्हणजे कोणती पोरं ते आठवा, करोनात पहिलीला असलेली, ज्यांची पहिली शाळेत भरलीच नाही. अक्षर-ओळख मोबाईलवर, तीही ज्यांच्या घरी मोबाईल होता त्यांची. त्यांना जोडाक्षर वाचता येत नव्हतं, हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि पुढच्या वर्षी ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती. माझी जन्मतारीख आमच्या पिढीतल्या अनेकांसारखी १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली, त्यामुळे अठ्ठावन्न झाल्या झाल्या ३१ मेला मी घरी बसले होते. मी घरी, वर्ग रिकामा, मधे दोन किलोमीटरचा रस्ता. जुलै २०२३ मध्ये शासनाचं पत्र निघालं, सत्तर वर्षांच्या आतले सेवानिवृत्त शिक्षक, वीस हजार मानधन, नवीन भरती होईपर्यंत. मी अर्ज दिला.

आता जे सांगायचंय ते. हमीपत्र द्यायला ऑफिसला गेले त्या दिवशी बाहेर डीएड-बीएडवाली मुलं निवेदन घेऊन आली होती, आमच्याच विरोधात. साहेब जागेवर नव्हते, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, शेजारी त्यांच्यातलाच एक मुलगा येऊन बसला. मुलगा म्हणते, पण तिशी ओलांडलेला होता, केस विरळ झालेले. माझ्या हातातला कागद त्याने मागितला, मी दिला. त्याने नीट वाचला आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तुम्हाला वीस. मी उद्या प्राथमिकला लागलो तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मला सोळा."

मला हे माहीत होतं. सोळा हजारसुद्धा त्याच वर्षीच्या जानेवारीपासून झाले होते, त्याआधी सहा होते. पण माझ्या कागदावर बोट ठेवून कुणी म्हणून दाखवलं नव्हतं.

मी म्हटलं, "अरे, हे तात्पुरतं आहे. तुमची भरती झाली की आम्ही घरी."

"२०१७ ला भरतीची टेट परीक्षा दिली, नंतर थेट २०२३ ला दिली. मधे सहा वर्षं गेली मॅडम. वर्गावर कुणीतरी उभं आहे असं दिसलं की भरतीची घाई कुणाला राहणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. मी म्हटलं, पोरं काय करतील तोपर्यंत? त्याने कोणती शाळा विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, चौथीला आत्ता कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. तो बराच वेळ गप्प बसला, कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "मग जा तुम्ही. पण बाहेर आम्ही ज्या घोषणा देतोय त्या तुमच्याविरुद्ध पण आहेत. तसं नाही असं खोटं सांगणार नाही." आणि गेला. थोड्या वेळाने घोषणा सुरू झाल्या, त्यात त्याचा आवाज मला ओळखू येत होता, मी हमीपत्रावर सही केली, कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही वगैरे, आणि मागच्या दाराने नाही, त्यांच्या समोरूनच बाहेर आले.

लोकांना वाटतं आम्हाला त्या मुलांचं काही वाटत नाही. अहो, २००० साली शिक्षण सेवक योजना आली, तीन हजार रुपयांवर, तेव्हा मी स्वतः मोर्चात होते. मानधनावर शिक्षक नको, पूर्ण पगारावर पूर्ण शिक्षक द्या, हे आम्ही घसा फोडून म्हटलंय. ती मी आज समोर आली तर मला विचारेल, बाई, तूच मानधनावर सही केलीस? मी तिला सांगेन की तुझ्या वर्गाला तेव्हा शिक्षक होता, तू होतीस, मोर्चाहून आलीस की दुसऱ्या दिवशी वर्ग भरत होता. ती म्हणेल, पण एकदा स्वस्तातली सोय चालते हे दाखवलंस की ते कायम तीच करतील. आणि हे बोलणं पुढे सरकतच नाही, कारण आमचं दोघींचं खरं आहे.

माझ्या बाजूने एवढं बोलू द्या. आमच्यामुळे भरती अडली हे खरं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, २१,६७८ जागांची भरती निघाली, त्यातून आमच्या शाळेला नवीन शिक्षिका मिळाली आणि मी थांबले. जाताना तिला प्रत्येक मुलाचं लिहून दिलं, कोण कुठवर वाचतो, कुणाला गुणाकार कळलाय, कुणाला फक्त पाठ आहे. भरती अडते ती बिंदुनामावलीत म्हणजे आरक्षणाच्या जागांच्या हिशोबात, कोर्टात, आणि संचमान्यतेच्या म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर याच्या वादात. जी जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली त्याचा जाब त्या जागेवर थोडे दिवस उभ्या राहिलेल्या बाईला विचारू नका.

पण मग सप्टेंबर २०२४ येतो आणि माझं तोंड बंद होतं. शासनाने ठरवलं, वीस किंवा कमी पटाच्या शाळांत दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी, मानधन पंधरा हजार. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, त्यातला एक असा घ्यायचा. २५ सप्टेंबरला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले, पुढे तो निर्णय रद्द झाला. पण व्हरांड्यातला तो मुलगा वर्षभर आधी नेमकं हेच बोलला होता. मी अडचणीला धावून गेले होते आणि वर बसलेल्यांना त्यात पद्धत दिसली.

आणि साठीच्या आसपासचं शरीर काय करू शकतं तेही लपवत नाही. दोन वर्ग एकत्र बसवायचे, एकाला लेखन देऊन दुसऱ्याला शिकवायचं, हे मला झोपेत जमतं. पण दुपारनंतर पाय सुजायचे, खेळाच्या तासाला मी नुसती शिट्टी घेऊन उभी असायचे, आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरांना बरोबर पळणारी बाई लागते. नवीन शिक्षिका आल्यावर पोरं किती खूश झाली ते कळलं. वाईट वाटलं का? हो, वाटलं.

पण चौथी वाचायला लागली होती. सगळी नाही, दोघं-तिघं राहिलीच, त्यांच्या घरी मी नंतरही संध्याकाळी जात होते.

आता विचारतात, परत पत्र आलं तर जाल का? आता मी आधी दोन गोष्टी लेखी मागेन. मी ज्या जागेवर उभी राहणार ती जागा पोर्टलच्या जाहिरातीत रिक्त म्हणून दाखवली आहे का, आणि माझी शेवटची तारीख कोणती. दोन्हीची उत्तरं मिळाली तर जाईन. नाही मिळाली आणि तरी समोर वर्गावर कुणीच नसलं तर काय करेन, ते मात्र मला आज सांगता येत नाही, आणि जाणार नाही असं तुम्हाला लिहूनही देणार नाही.