मे सॉटमधली ‘यदनागिरी’

मे सॉट हे थायलंडच्या पश्चिम टोकाचं गाव, बँकॉकपासून साधारण पाचशे किलोमीटरवर. मोई नदीपलीकडे म्यानमारचं म्यावाडी आणि मध्ये १९९७ साली बांधलेला मैत्रीपूल. इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बहुतेक मुली पलीकडून आलेल्या. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, तेवढ्यासाठी गेलो होतो.

त्या दिवशी ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा शिवणाऱ्या मशीनची, एक अख्खी लाईन टाके सोडत होती. कापड बदलून पातळ होजियरी आली होती, सुया मात्र आधीच्या जाड कापडाच्याच होत्या. एकेक मशीन उघडायचं, सुई बदलायची, खालचा दोरा अडकवणाऱ्या लूपरचं टायमिंग लावायचं, यात संध्याकाळचे सात वाजले. दुपारचं जेवण राहूनच गेलं. गालांवर तनाखा या झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावलेली एक ऑपरेटर दिवसभर सुटलेले टाके आणून दाखवत होती. तीच म्हणाली, चला, जेवायला नेते.

चार टेबलं, वर पत्रा. पाटीवर थाई आणि बर्मी, दोन्ही लिप्या. थाई गिऱ्हाइकासाठी सोम ताम ही कच्च्या पपईची कोशिंबीर आणि तुळशीची पानं घालून परतलेलं कापाव, बर्मी माणसासाठी मोहिंगा हे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचं सूप आणि आंबवलेल्या चहापत्तीचं लाफे. बसल्याबरोबर कोऱ्या चहाचा थर्मास आला, त्याचे पैसे नाहीत. मालकीणबाईंना सगळे ‘अमा’ म्हणत होते, म्हणजे ताई.

ऑपरेटरने माझ्यासाठी तोहू न्वे सांगितलं. वाडगा समोर आला आणि वासानेच मी चमकलो. पिवळं, दाट, वाफाळतं. हे कशाचं, असं विचारल्यावर अमांनी आतून डबा आणला आणि चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं. बेसन! म्यानमारमधल्या शान लोकांचा हा पदार्थ: बेसन, हळद, मीठ, पाणी, आणि गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळणं. खाली तांदळाच्या चपट्या शेवया, वर लसणाचं तेल, शेंगदाण्याचा कूट, कोथिंबीर. मोहरी-हिंगाची फोडणी नाही, बाकी आईच्या हातचं पिठलंच. दिवसभराच्या भुकेवर ते असं उतरलं की डोळे भरून आले.

आमच्या गावीही असंच करतात, मी म्हणालो. कुठलं गाव? ऑपरेटर दोघांमध्ये दुभाषी झाली होती. रत्नागिरी, मी सांगितलं.

अमांचा डाव हातातच राहिला. “यदनागिरी? थिबॉ मिन?”

त्या मंडालेच्या. १८८५ साली इंग्रजांनी त्यांच्या शेवटच्या राजाला, थिबाला, बैलगाडीतून बंदरावर नेलं, ही गोष्ट त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली. पुढचं मी सांगितलं. १९१० मध्ये बांधून झालेला राजवाडा, १९१६ मध्ये तिथेच आलेला मृत्यू, शिवाजीनगरातली समाधी. २०१२ साली त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर आले होते, तेही. राजवाड्यावर आमची शाळेची सहल गेली होती. समाधीपाशी मात्र मी कधी उभा राहिलो नव्हतो. तेही मी सांगून टाकलं, कारण त्या बाईसमोर ते लपवणं मला जमलं नाही.

त्यांनी विचारलं, “राजवाड्यावरून काय दिसतं?” भाट्याची खाडी, मी म्हणालो, आणि पश्चिमेला समुद्र, सूर्य त्यातच बुडतो.

अमा जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे देश त्याच्या पाठीमागे राहिला. मला निदान समोर दिसतो.” मे सॉटमध्ये सूर्य म्यानमारवर मावळतो. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या नदी ओलांडून आल्या, त्या परत गेलेल्या नाहीत.

पैसे दिले तेव्हा सुटे परत करताना त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला स्पर्श केला. आदराची ती त्यांची रीत.

गणपतीत घरी आलो तेव्हा समाधीवर गेलो. चपला बाहेर काढल्या, जास्वंदीची चार फुलं ठेवली आणि फोटो ऑपरेटरच्या फोनवर पाठवला. रात्री तिचा निरोप आला: अमा विचारतात, यात पूर्व कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो आणि उगवतीकडे तोंड करून आणखी एक फोटो काढला.