तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रोनला रिळाचा कॅमेरा कशासाठी?

सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर ड्रोन उडवताना कोणी ना कोणी विचारतेच, "ड्रोनमध्ये आयता डिजिटल कॅमेरा असताना तुम्ही हा जुना रिळाचा कॅमेरा का बांधता?" उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

फिल्मवरचे रंग मला आवडतात, पण कारण ते नव्हे. माझा कॅमेरा आपोआप रीळ पुढे सरकवणारा, साधा आहे. रिमोटवरून हलणारी छोटी मोटर त्याचे बटण दाबते आणि त्याला काय दिसते आहे, हे मला खाली कळत नाही. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये आर्थर बात्यू यांनी पतंगाला कॅमेरा बांधून जळत्या वातीने शटर उघडले, तेव्हा त्यांनाही ते दिसत नव्हते. जे दिसणार नाही ते आधी मोजावे लागते. ३५ मिमीच्या लेन्समधून, ७० मीटर उंचीवरून, जमिनीचा साधारण ७२ बाय ४८ मीटरचा तुकडा फिल्मवर उतरतो. तो मी आदल्या दिवशी पावलांनी मोजतो, बांध कोठे वळतो आणि ऊन कोठून येते ते पाहतो, कारण रिळात फोटो ३६च असतात.

पहिली दोन रिळे वाया गेली. ढगाळ संध्याकाळी कॅमेऱ्याने शटरचा वेग आपणहून उतरवला आणि पंख्यांच्या थरथरीने सारे फोटो हलले. तेव्हापासून ४०० आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म, स्वच्छ ऊन आणि कॅमेऱ्याखाली रबराच्या गाद्या, हे ठरलेले आहे. एकूण वजन २ किलोच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांतील 'सूक्ष्म' गटात ठेवतो.

गेल्या मार्चमध्ये एका खळ्यावर शिजवलेली हळद वाळत होती. सकाळच्या त्या फोटोत हळद खालीवर करणाऱ्या बाईंचा नुसता पदर दिसतो. त्या काय करत आहेत, ते त्यांच्या लांब सावलीवरून कळते. प्रिंट दाखवली तेव्हा मालकांनी कोपऱ्यातील एका फिकट गोल सावलीवर बोट ठेवले. हळद साठवण्याचे ते त्यांचे जुने पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, २००५ च्या महापुरात पाणी शिरून निकामी झालेले आणि नंतर बुजवलेले. त्या जागेवरून मी पावले मोजत तीनदा गेलो होतो. मग त्यांनी उरलेल्या पेवांच्या जागाही चालत चालत दाखवल्या. पुढच्या रिळातील पहिले बारा फोटो मी त्या जागांसाठी राखून ठेवले आहेत.