पोस्टानं आलेली बावन्न पिलं

सकाळी सहालाच पोस्टातून फोन आला, पार्सल घेऊन जा म्हणून. मागे चिवचिवाट एवढा, की पोस्टातल्या बाईचं बोलणं धड ऐकू येईना.

अमेरिकेत कोंबडीची एक दिवसाची पिलं टपालानं येतात. ही चाल १९१८ पासूनची आहे. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाण्या-पाण्याशिवाय काढतं. मी पन्नास मागवली होती, खोक्यात बावन्न निघाली.

औश्याकडच्या आमच्या घरी खुडूक कोंबडी आई डालग्याखाली अंड्यांवर बसवायची आणि एकविसाव्या दिवशी पिलं मोजायची. इथं मिसुरीत खुडूक कोंबडीच्या जागी लाल दिवा. त्याच्याखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिलं दिव्याखाली दाटीनं बसली की गारठलीत, कडेला पांगली की उकडतंय. एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी ओळखीचं करून द्यायचं. भांड्यात काचेच्या गोट्या टाकल्या, नाहीतर पिलू बुडून मरतं.

पाचव्या रात्री वादळ आलं आणि वीज गेली. रात्रीचे दोन, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. आईला फोन लावला.

"बाटल्यात गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळून मधी ठेव. वरून गोधडी टाक. आन् झोपू नको, एकमेकाच्या अंगावर चढून मरतेत."

झालंही तसंच. बाटल्या ठेवूनही सगळी एका कोपऱ्यात ढीग करून बसली होती. पहाटेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी गोधडीखाली हात घालून मी ढीग मोडत होतो. तळाची पिलं ओली, चिकट आणि गरम लागायची, वरची थंडगार. तीन गेली. डालगं, गोधडी, वीज जाणं, या सगळ्याचा अनुभव घेऊन इथं आलोय आणि जनरेटर घ्यायचं सुचलं नाही, याचा राग अजून येतो.

हे वाण कॉर्निश क्रॉस. कॉर्निश नर आणि पांढरी प्लायमाउथ रॉक मादी यांच्या संकरातून निघालेलं. आपल्याकडच्या शेडमधल्या बॉयलरचं भाऊबंदच म्हणा. गावरान कोंबडा दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो. हा आठ आठवड्यांत तीन किलोच्या पुढे जातो. खाणं सोडून दुसरा उद्योग नाही. उकरत नाही, उडत नाही, खाद्याच्या भांड्यासमोर बसूनच खातो. दिवसरात्र खाऊ दिलं तर मांस वाढतं, पण पाय आणि हृदय त्या वेगानं वाढत नाहीत. पाय वाकडे होतात, धडधाकट दिसणारा पक्षी उताणा पडून मरतो. म्हणून संध्याकाळी खाद्य उचलायचं, थेट सकाळी द्यायचं.

हे ऐकून आई गप्पच झाली. मग म्हणाली, "मुक्या जिवाला उपाशी ठेवायलास व्हय रे?" आमच्या अंगणात जन्मभर तिनं कोंबड्यांना अंग धरायला लावायची खटपट केली. जास्त खाऊन मरणारी कोंबडी तिला पटेना.

चौथ्या आठवड्यात त्यांना बिनबुडाच्या पिंजऱ्यात गवतावर काढलं. पिंजरा रोज सकाळी एक पिंजराभर पुढे ओढायचा. आपल्याकडे धनगराची मेंढरं रानात बसवतात ना, तेच. मागे गवत असं हिरवंगार उठतं की शेजारी कुंपणाशी उभा राहून बघतो.

आठव्या आठवड्यात कापली. गावाकडं आपण कोंबडी जाळावर भाजून घेतो. इथं ६५ अंशांच्या आसपास पाण्यात मिनिटभर बुडवून पिसं काढतात. पाणी जास्त तापलं की कातडं फाटतं. पहिल्या चार-पाच कोंबड्यांची माझ्याकडून चिंध्याच झाली. मग बर्फाच्या पाण्यात गार करून एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची, तोवर ताठरलेलं मांस सैल पडतं.

"शिळं करून खातेत?" आई.

त्या रविवारी आईनं पाठवलेला येसूर मसाला घालून कालवण केलं. मांस कापसासारखं, वीस मिनिटांत हाडापासून सुटलेलं. रस्सा मात्र येसुराचाच लागत होता, कोंबडीचा नाही. मी व्हिडिओवर पातेलं दाखवलं. तिनं तर्री निरखून बघितली.

"दिसायलंय चांगलं. गावरानची अंडी येतेत का रे पोस्टानं?"