केसिंग दोन फूट वर

आमच्या धंद्यात पाणी फुटांत मोजत नाहीत, पाईपांत मोजतात. "किती पाईपवर सोडली?" "चौदा." एवढ्यात समोरच्याला सगळं कळतं. लोखंडी पाईप वीस फुटांचा, म्हणजे मोटर २८० फुटांवर.

माझं धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला मोटर वायंडिंगचं दुकान आहे, आणि बोअरमधल्या मोटरी काढायची-सोडायची कामंही घेतो. मजुरी पाईपमागं ठरते, म्हणून पहिल्यापासून वही ठेवलीय: तारीख, गाव, मालक, पाईप किती. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, त्यांचं शास्त्र वेगळं. माझी वही निव्वळ बिलासाठी. पण एकाच मालकाच्या नोंदी शोधून एकाखाली एक वाचल्या की बिलाशिवाय दुसरंही काही दिसायला लागतं.

मांजरा नदीच्या बाजूच्या एका गावातले तात्या हे माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या नोंदी अशा. २०१२ : ११ पाईप. २०१६ : नवीन बोअर, १९ पाईप. (हे ते साल, ज्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरेवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं.) मे २०२४ : २८ पाईप. आणि ऑक्टोबर २०२५ ची नोंद अजून अर्धीच आहे. तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

तात्यांचा हा बोअर ६४० फुटांचा. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर होते, आणि शेतीसाठी तशी विहीर घ्यायला आडकाठी आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. माझ्या वहीत दोनशे फुटांच्या आतलं शेवटचं काम कधीचं, ते शोधायला जुन्या वह्या काढाव्या लागतील. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या गाड्या येतात, एजंट फुटावर पैसे घेतो, पाणाड्या नारळ हातावर उभा करून जागा दाखवतो. फुफाटा उडाला तर दोघांचंही काही जात नाही. खाली काळा पाषाण लागला की एजंट म्हणतो, "अजून पन्नास फूट, मालक." मी बाजूला बसून चहा पितो. मला तरी कोण विचारतंय? आणि खोल गेलं की माझेही पाईप वाढतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

मे २०२४ चं काम मला चांगलं आठवतं. २०२३ चा पावसाळा हुकलेला, ऑगस्ट तर कोरडाच गेलेला. तात्यांची मोटर कोरडी चालून जळाली होती. पाणबुडी मोटर बाहेरच्या पाण्यानं थंड राहते. पाणी तुटलं आणि स्टार्टर ऑटोवर, म्हणजे वीज आली की आपोआप सुरू होणारा असला, की ती रात्रभर धापा टाकत फिरते आणि वायंडिंगचं प्लास्टिक वितळून तारा एकमेकींना चिकटतात. उघडली की वासावरून कळतं. मी जळालेली काढली, भरून दिली, पंप जास्त स्टेजचा, म्हणजे पाणी जास्त उंच ढकलणारा बसवला आणि २८ पाईपवर सोडायला घेतली.

ट्रॅक्टरवरची काढणी मशीन मी त्या दिवाळीला घेतली. तोवर सगळं काम घोड्यावर, म्हणजे तीन खांबांची तिकाटी, वर तीन टनी साखळीकप्पी. वीस फुटांचा पाईप उभा उचलायचा तर घोड्याला उंची लागते. वरचे दोन-तीन फूट कप्पी आणि हुकच खातात. तात्यांच्या बोअरची केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा आधाराचा रुंद पाईप, जमिनीच्या दोन फूट वर होती. खालचे पाईप धरून ठेवणारा क्लॅम्प केसिंगच्या तोंडावर बसतो, म्हणजे तो मांडीपर्यंत आला, आणि वरून पाईपला उंची पुरेना. प्रत्येक पाईप तिरका करून आटीत, म्हणजे जोडाच्या पेचात बसवायचा. तिरका बसला की आटी मरते. तिसऱ्या पाईपला मी वैतागलो. पोराला म्हणलं, आण ग्राइंडर. केसिंग जमिनीबरोबर कापली. काम सरसर झालं. चार वाजता संपणारं काम दीडला संपलं.

तात्यांनी पाहिलं, बोलले नाहीत. मीच म्हणालो, "बोअरकॅप लावू पुढल्या खेपेला." कॅप दोन-तीनशे रुपयांची वस्तू. ती राहिली. पाईप आणि केबलच्या भोवती तात्यांनी पोतं कोंबलं आणि वर फरशीचा तुकडा ठेवला.

आमच्या भागात मी अशा किती केसिंग कापल्या असतील, मोजल्या नाहीत. कारण काय, तर पाणी वरून येईल हे डोक्यातच नव्हतं. आमची सगळी मांडणी पाणी नसण्याची आहे. स्टार्टरची पेटी नदीकाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाईपलाईन ओढ्याच्या पात्रातून, कडबा आणि सोयाबीनची गंज खोलगट रानात, कारण तिथं सावली. पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा प्रदेश, त्यात दर दोन-तीन वर्षांनी टँकर. माणसानं भीती तरी कशा-कशाची धरायची?

सप्टेंबर २०२५ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. दुकानात बसून मी जे पाहिलं ते तेवढं सांगतो. नदीकाठचे मोटरवाले सगळे एकदम आले. पोत्यात बांधलेल्या स्टार्टरच्या पेट्या, आत चिखल, एका पेटीत खेकडा. वायरमन तर महिनाभर झोपला नसेल. लोक त्याला शिव्या देत होते. आडवे पडलेले खांब त्यानं एकट्यानं उभे करायचे का?

मग ऑक्टोबरात वेगळ्याच मोटरी यायला लागल्या. पुरात न बुडालेल्या, माळावरच्या, चांगल्या. जळालेल्या. आणि कोरड्या चालून जळालेल्या नव्हेत. मी आधी चक्रावलो. मग लक्षात आलं. पंप पाचशे फुटांवरून पाणी ढकलायला बनवलेला, स्टेज त्या हिशेबानं. पाणी एकदम वीस फुटांवर आलं. पंपाला अडवायला काही राहिलं नाही, तो पाणी नुसतं फेकत सुटतो, आणि अँपिअर चढतात. साडेसात एचपीची मोटर १८ अँपिअर घ्यायची, ती २४ दाखवते. वरून पाण्याची धार बघून मालक खूश, आणि खाली मोटर तापतेय. उपाय सोपा आहे, वॉल, म्हणजे पाईपवरचा व्हॉल्व्ह, अर्धा दाबून चालवायचा. एकाला सांगितलं तर तो हसला. "मिस्तरी, इतक्या वर्षांनी पाणी असं फेकायलंय, अन् तुम्ही वॉल दाबा म्हणता?" आठ दिवसांनी त्याचीही आली. त्याला बोललो नाही. त्याच्या जागी मी असतो तरी दाबला नसता.

तात्यांचा फोन दिवाळीच्या आधी आला. "मोटर नुसती हुं करायलीय."

रानात गेलो तर ट्रॅक्टर बांधापर्यंतच. पुढं पाय पिंढरीपर्यंत जात होता. ओढ्याकडची सोयाबीन जमिनीसकट गेलेली, खाली मुरूम उघडा पडलेला. दुसऱ्या बाजूला तीच माती हातभर साचलेली. मशीन जाणार नाही, म्हणून जुना घोडा परत आणला. त्याचे पाय चिखलात बसू नयेत म्हणून खाली बाभळीचे ओंडके टाकले.

बोअर शोधावा लागला. फरशी वाहून गेलेली, पोतं नव्हतंच. तात्या म्हणाले, पहिल्या रात्री बॅटरी घेऊन गोठ्याच्या माळवदावरून पाहिलं, तर बोअरच्या जागी पाण्याला भोवरा पडला होता. "पाणी पीत होता लेका, घागरीगत." बोअरमधलं पाणी तेव्हा अजून खोल असणार, म्हणून अख्खा ओढा त्यात उतरत होता. आणि ओढ्याबरोबर रान.

मी मेगर, म्हणजे वायंडिंग जळालीय का ते तपासायचं यंत्र, लावला. वायंडिंग ठणठणीत. तेच जास्त लागलं. मोटर चांगली होती, फक्त गाळात पुरली गेली होती.

साखळी ताणायला सुरुवात केली. अठ्ठावीस पाईपचं वजन हाताला माहीत असतं. पाईप, त्यातलं पाणी, मोटर. साखळीच्या आवाजावरून कळतं. त्या दिवशी त्याच्या वर गेलं. पाईप चार बोटं वर आला, तो नुसता ताणल्याचा, मोटर हलली नाही. मग जे जे येतं ते केलं. ताण ठेवून पाईपवर हातोड्याच्या हलक्या टिचक्या. पाना लावून आटी घट्ट होईल त्याच बाजूला फिरवणं, कारण उलट फिरवला की खाली कुठंतरी कपलिंग सुटतं आणि सगळं गेलं. ताण देऊन तासभर तसंच सोडून देणं, गाळ ओलाच असतो, कधीकधी आपण होऊन सोडतो. तोवर तात्यांच्या मालकिणीनं भाकरी आणि ठेचा आणला. जेवताना कुणी बोललं नाही. सगळ्यांचे कान साखळीकडं.

दुपारी तीनला साखळी एकदम हलकी झाली.

सोबतचं पोरगं ओरडलं, "सुटली, उस्ताद!" नवीन आहे. मला हातालाच कळलं होतं. वजन इतकं कमी होत नसतं. एकेक पाईप काढला, अकरा निघाले. अकराव्याच्या खालची आटी तुटलेली, आतलं लोखंड नवं असल्यासारखं चकाकत होतं. केबल तिथंच तुटली. मोटरला बांधलेला नायलॉन दोर तेवढा खाली गेलेला. तो ताणला तर तारेसारखा वाजायला लागला, मग सोडला. सतरा पाईप, पंप, मोटर आणि बोअर, सगळं खाली.

त्याच आठवड्यात तलाठी पंचनाम्याला येऊन गेला होता. पोरगं चांगलं, तीन गावांचा भार एकट्यावर, बूट हातात घेऊन हिंडत होतं. तात्यांची ओढ्याकाठची जुनी आडविहीर काठोकाठ गाळानं भरली होती, तिचा फोटो काढला. सरकारनं खचलेल्या-बुजलेल्या विहिरीला ३० हजार जाहीर केलेत, ते येतील तेव्हा येतील. ती विहीर पंधरा वर्षं कोरडीच होती. बोअरचं तात्यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याचा फोटो कशाचा काढू, तात्या?" खरंच आहे. खड्डा दिसतो, भोक दिसत नाही.

मी हात धुवून तात्यांपाशी बसलो. सांगायचं होतं की केसिंग मी कापली. दोन फूट राहिली असती तर वाचला असता का, हे मला आजही ठरवता येत नाही. पाणी तिथं किती चढलं होतं? गोठ्याच्या भिंतीवरची रेघ मी टेपनं मोजली, माझ्या मांडीएवढी. उतार धरला तर बोअरपाशी त्याहून जास्त. म्हणजे दोन फूटही बुडाले असते. पण वर कॅप असती तर? कॅपमधून पाणी झिरपलं असतं, रान उतरलं नसतं. हा हिशेब मी रात्री झोपताना करतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

तात्याच आधी बोलले. "पाणीच तसं आलं, मिस्तरी. आपण काय करणार." मी मान हलवली. मजुरी घेतली नाही, तर त्यांनी पाचशेची नोट पोराच्या खिशात कोंबली.

वहीत लिहिलं : उतरवले २८, काढले ११. रकमेचा रकाना मोकळा ठेवला.

जानेवारीत त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. वरच्या रानात नवीन बोअर घ्यायचाय, मोटर तुम्हीच सोडा. सगळं ठरलं, मग म्हणाला, "अन् बाबा म्हणायलेत केसिंग वर ठेवा."

"किती वर?"

"ते म्हणाले, मिस्तरीला माहीताय."

पाणी ४१० फुटांना लागलं आणि वर चढलं. केसिंग तीन फूट वर ठेवली, कॅप मी माझ्याकडची बसवली. आता क्लॅम्प माझ्या पोटाशी येतो, घोड्याला उंची पुरत नाही, प्रत्येक पाईप तिरका धरूनच आटीत घालावा लागतो. अठरा पाईप सोडायला संध्याकाळ झाली. तात्या बांधावर बसून बघत होते.